समुद्रावरचा तांडा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हिंगोलीत ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी भूगोल शिकवताना आम्हाला नकाशे पाठ करू दिले नाहीत. अमुक गावाला मीठ कुठून येतं, लोखंड कुठून येतं, ते आणणाऱ्याला वाटेत काय अडतं, असं ते विचारायचे. आजचा विषय त्यांच्या पठडीतला आहे. समुद्रात सुट्या पोलादी पेट्या एकमेकींना जोडून तरंगता तळ उभारायचा आणि तिथून आरमाराला तेल, दारूगोळा, अन्न, सुटे भाग पुरवायचे, ही कल्पना जगात बरीच वर्षं फिरते आहे. ती कुठं चालते, कुठं फसते आणि आपल्या देशानं तिच्यातलं काय घ्यावं, याबद्दल मला बोलायचं आहे.

हिंगोलीहून समुद्र सरळ रेषेत धरला तरी साडेचारशे किलोमीटर दूर. मग हा विषय इथं कशाला, असं कुणाच्या मनात आलं असेल, तर त्यांनी हळदीच्या व्यापाऱ्याला विचारावं. इथल्या आणि वसमतच्या बाजारातली हळद देशभर जाते आणि काही न्हावा-शेवा बंदरातून परदेशी जाते. २०२३ च्या अखेरीस येमेनमधल्या हूतींनी तांबड्या समुद्रात मालवाहू जहाजांवर हल्ले सुरू केले. बऱ्याच कंपन्यांनी सुएझची वाट सोडली आणि आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालायला सुरुवात केली. युरोपकडं जाणाऱ्या मालाला दहा-पंधरा दिवस जास्त लागू लागले, कंटेनरचं भाडं चढलं. तो फटका बंदरावर थांबत नाही, तो मोंढ्यापर्यंत येतो.

त्याच महिन्यांत आपल्या नौदलाच्या दहाहून अधिक युद्धनौका अरबी समुद्रात आणि एडनच्या आखाताकडं गस्तीला होत्या. मार्च २०२४ मध्ये 'आयएनएस कोलकाता'नं 'रुएन' हे चाच्यांनी पळवलेलं जहाज आपल्या किनाऱ्यापासून सुमारे २६०० किलोमीटरवर गाठलं. चाळीस तासांच्या कारवाईनंतर ३५ चाचे शरण आले, १७ खलाशी सुटले आणि त्या चाच्यांना मुंबईला आणून पोलिसांच्या ताब्यात दिलं. बातम्यांत कमांडो दिसले, विमानातून उतरणाऱ्या छत्र्या दिसल्या. माझं डोकं मात्र दुसरीकडंच धावलं. माझी सारी नोकरी नौदलाच्या भांडारात गेली. तोफ मी कधी डागली नाही. ती डागणाऱ्याला वेळेवर वंगण मिळालं की नाही, ते पाहिलं. इतक्या लांब गेलेल्या जहाजाला तेल कोण देत होतं, हा प्रश्न मला आधी सुचतो.

युद्धनौकेचा पल्ला कागदावर दांडगा असतो. पण तो सावकाश चाललं तर. जहाजाचा वेग दुप्पट करायचा तर ताकद ढोबळमानानं आठपट लागते, म्हणजे तेवढंच अंतर कापायला तेल चौपट जळतं. चाच्यांच्या मागं धावायचं असेल तर सावकाश चालून कसं जमेल? पिण्याचं पाणी जहाज स्वतः समुद्राच्या पाण्यातून तयार करतं, ती एक चिंता मिटली. धान्य, डाळी पुरतात. हिरवी भाजी आधी संपते, मग फळं, मग अंडी. आणि मोठी यंत्रं बंद पडतात ती बहुधा एखाद्या रबरी वॉशरपायी, जो गोदामात खोक्यांनी पडलेला असतो आणि जहाजावर नेमका नसतो.

या गरजा भागवायचे मार्ग फार नाहीत. जहाजानं घरच्या बंदराला परत यावं. पण मग गस्तीचे दिवस येण्या-जाण्यातच जातात. मित्रदेशाच्या बंदरात जावं. पण मित्राच्या मनात उद्या काय येईल ते त्यालाही ठाऊक नसतं. नाहीतर भांडारच जहाजापाशी न्यावं. या तिसऱ्या मार्गाला दोन फाटे फुटतात. एक, भांडार चालत्या जहाजात भरून ते ताफ्याबरोबर फिरवायचं. दुसरा, समुद्रात एका जागी तरंगता तळ रोवायचा आणि जहाजांनी तिथं यायचं.

हा पेच आपल्या भागाला नवा नाही. हिंगोलीत निजामाच्या काळात हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, १९०३ साली ती फौज हिंदुस्थानच्या लष्करात मिसळून गेली. दख्खनच्या फौजांना धान्य पुरवायचे ते बंजारे. मोगल असोत, मराठे असोत, निजाम असो की इंग्रज, दुष्काळी मुलखात मोहीम काढायची तर लदेणीवाल्या तांड्याशिवाय पान हलत नसे. एकेका मोठ्या तांड्यात हजारो बैल. पाठीवर गोणी, गाडी नाही, त्यामुळं रस्ता लागत नाही. चारा वाटेवरच मिळतो. नायक ठरवेल तिथं मुक्काम आणि फौज पुढं सरकली की तांडाही सरकला. १८०३ च्या सप्टेंबरात भोकरदनजवळ असईची लढाई झाली. त्या मोहिमेत इंग्रज सेनापती वेलस्लीचं बरंचसं लक्ष शत्रूपेक्षा बंजाऱ्यांच्या बैलांकडं लागलेलं असे. धान्य वेळेत आलं नाही तर तोफखाना जागच्या जागी बसतो, हे त्याला पक्कं कळलेलं होतं.

फौजेजवळ किल्ल्यांतली कोठारंही असत. मग तांडा का लागायचा? कोठार हलत नाही, फौज हलते. आणि कोठार कुठं आहे हे शत्रूलाही माहीत असतं. समुद्रावरचा पुरवठा पाहताना तांडा आणि कोठार यांतला हा फरक मला पदोपदी दिसतो, म्हणून व्याख्यानाला तसं नाव दिलं.

आता कोकणात उतरू. मुंबईच्या तोंडाशी, थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरी नावाचं बेट आहे. १६७९ च्या पावसाळ्याअखेरीस शिवाजी महाराजांच्या हुकमानं मायनाक भंडारी यांनी दीडेकशे माणसं आणि चार तोफा घेऊन तिथं बांधकाम सुरू केलं. मुंबईतल्या इंग्रजांच्या दारातच ही चौकी बसत होती, त्यामुळं त्यांचा जळफळाट झाला. त्यांनी आधी लहान गलबतं पाठवली. सप्टेंबरात बेटावर उतरू पाहणारा त्यांचा एक लेफ्टनंट मारला गेला. मग 'रिव्हेंज' हे मोठं लढाऊ जहाज आणि बाकीचा काफिला आणून त्यांनी बेटाला वेढा घातला. १८ ऑक्टोबरला मराठ्यांच्या दौलतखानाचं आरमार नागावकडून चालून आलं. त्या चकमकीत 'डव्ह' नावाची इंग्रजांची गुराब मराठ्यांनी पकडली.

इतिहासाच्या पुस्तकात ही लढाई मोठी. भांडारवाल्याच्या नजरेला मात्र त्या लढाईच्या आगेमागे रोज रात्री जे चाललं होतं ते मोठं दिसतं. इंग्रजांची जहाजं उंच, खोल पाण्याची, वाऱ्यावर अवलंबून. वारा पडला की ती खिळून बसत. मराठ्यांच्या होड्या उथळ, वल्ह्यांच्या. अंधार पडला की त्या थळ-नागावच्या खाड्यांतून निघत, उथळ पाण्यातून सरकत बेटाला लागत, धान्य, लाकूड, दारू, माणसं उतरवत आणि उजाडायच्या आत परत जात. वेढा घालणाऱ्यांना समोर दिसूनही त्या थोपवता येईनात. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला इंग्रजांनी नाद सोडला आणि खांदेरी मराठ्यांकडं राहिली. शेजारच्या उंदेरीवर सिद्दी येऊन बसला आणि पुढं वर्षानुवर्षं ही दोन बेटं एकमेकांवर गोळे टाकत राहिली, तो भाग वेगळा.

खांदेरी टिकली ती तिच्या तटामुळं, असं म्हणवत नाही; तट तर त्या वेळी अर्धवट होता. ती टिकली समोरच्या किनाऱ्यावरून सुरू राहिलेल्या फेरीमुळं. समुद्रातल्या कुठल्याही तळाची, मग तो खडकाचा असो की पोलादाचा, परीक्षा मी अशीच घेतो. तळ किती मोठा हे नंतर. त्याच्याकडं जाणारी होडी कोणती, ती कुठून निघते, आणि वाईट हवेत, शत्रूच्या नजरेखालून ती पोहोचते का?

तरंगता किल्ला बांधायचा प्रयोगही आपल्या किनाऱ्यावर झालेला आहे. कान्होजी आंग्र्यांच्या विजयदुर्गाला नमवण्यासाठी मुंबईच्या इंग्रजांनी १७२० मध्ये 'फ्रॅम' नावाचा तरंगता तोफखाना पाण्यात उतरवला. सपाट बुडाचा, जाड भिंतींचा, आत जबर तोफा. गोळे त्याला भेदणार नाहीत आणि उथळ पाण्यात तो तटाजवळ जाईल, असा हिशेब होता. विजयदुर्ग पडला नाही. त्यानंतर विजयदुर्ग इंग्रजांच्या हाती यायला १७५६ उजाडावं लागलं, आणि तेव्हा पेशव्यांची फौज जमिनीवरून त्यांच्या साथीला होती, हे आपण दुखऱ्या नसेसारखं लक्षात ठेवतो.

विसाव्या शतकात मात्र ही कल्पना खऱ्या अर्थानं मोठी झाली. जून १९४४ मध्ये नॉर्मंडीवर उतरलेल्या दोस्त फौजांकडं एकही धड बंदर नव्हतं. म्हणून त्यांनी दोन बंदरं इंग्लंडात तुकड्यातुकड्यांनी बांधली आणि इंग्लिश खाडी ओलांडून ओढत नेली. काँक्रीटच्या अजस्र पेट्या बुडवून लाटा अडवणारी भिंत, आतल्या शांत पाण्यात भरती-ओहोटीबरोबर वरखाली होणारे धक्के आणि तिथून किनाऱ्यापर्यंत तरंगता रस्ता. 'मलबेरी' हे त्यांचं सांकेतिक नाव. १९ जूनला वादळ आलं आणि तीन दिवसांत अमेरिकन बाजूचं बंदर मोडून पडलं, ते पुन्हा उभारलंच नाही. आरोमांशचं दुसरं बंदर वाचलं आणि महिनोन् महिने चाललं. दोन्ही बंदरांचे आराखडे एकाच कल्पनेचे, सामान तेच. एकाची जागा आणि जोडणी निभावली, दुसऱ्याची नाही.

पॅसिफिकमध्ये अमेरिकेनं वेगळी वाट धरली. भल्यामोठ्या युद्धनौका उचलून दुरुस्त करता येतील अशा तरंगत्या गोद्या त्यांनी दहा-दहा तुकड्यांत बांधल्या, हजारो मैल ओढत नेल्या आणि बेटांच्या आडोशाला जोडल्या. युलिथी या प्रवाळ बेटांच्या आतल्या तळ्यात तेलवाहू, दारूगोळ्याची, दुरुस्तीची जहाजं आणि तराफे यांचं एक शहरच वसलं. आइस्क्रीम बनवणारा काँक्रीटचा तराफासुद्धा त्यांच्याकडं होता. मला त्या भांडारवाल्याचा हेवा वाटतो. पण नीट पाहा. गोदी असो वा शहर, ते बेटांच्या कुशीत होतं आणि आघाडी पुढं सरकली की तोही सगळा पसारा उचलून पुढं जाई.

यावरूनच पुढं कुणाला तरी वाटलं की बेटाची कूस तरी कशाला? खुल्या समुद्रातच तळ उभारू. १९९० च्या दशकात अमेरिकेनं 'मोबाइल ऑफशोअर बेस' या नावानं याचा सखोल अभ्यास केला. पाच-सहा प्रचंड भाग, जोडल्यावर लांबी दीड किलोमीटरच्या आसपास, वर मालवाहू विमानं उतरतील अशी धावपट्टी, पोटात एका मोठ्या फौजेचा शिधा. कागदावर सगळं होतं. ते कधीच बांधलं गेलं नाही.

का, हे थोडं सविस्तर सांगतो, कारण या विषयातली खरी मेख इथं आहे. खुल्या समुद्रातल्या लाटेच्या एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंत शंभर, दोनशे, कधी तीनशे मीटर अंतर असतं. दीड किलोमीटर लांबीची अखंड पोलादी पट्टी अशा लाटांवर ठेवली तर काही जागी ती खालून उचलली जाते आणि काही जागी तिच्याखालचं पाणी निघून जातं. पट्टी वाकते, मग उलटी वाकते, दिवसाला हजारो वेळा. पोलाद असं वाकवत राहिलं की थकतं आणि तडकतं. म्हणून ती अखंड ठेवायची नाही, तुकडे करून बिजागरीसारखे जोडायचे. पण मग तो सगळा जोर सांध्यांवर येतो आणि सांध्यावरचा भार हजारो टनांत जातो. सांधा घट्ट केला तर तुटायची भीती. सैल ठेवला तर तुकडे एकमेकांवर आपटतात आणि धावपट्टीला पायऱ्या पडतात.

यावर एक उतारा आहे. तळाचं बहुतेक वजन आणि फुगवटा पाण्याखाली खोल ठेवायचा, जिथं लाटेचा जोर कमी असतो, आणि वरचा मजला खांबांवर पाण्याच्या उंच वर. समुद्रातले काही तेलफलाट असेच असतात. त्यानं हेलकावे कमी होतात, खर्च मात्र भरमसाट वाढतो. आणि एक अडचण तरीही उरते. तुकडे जोडायचे कधी? शांत समुद्रात. सोडायचे कधी? वादळ येण्याआधी. म्हणजे तळाचं वेळापत्रक हवामान ठरवणार, सेनापती नाही.

जपाननं १९९५ नंतर 'मेगा-फ्लोट' नावानं सपाट तरंगती धावपट्टी करून पाहिली. योकोसुकाजवळ एक किलोमीटर लांबीचा तरंगता मजला जोडला, त्यावर विमानं उतरवली, उडवली. प्रयोग चोख झाला. पण तो टोकियोच्या उपसागरात, आडोशाला. प्रयोग संपल्यावर तो मोडून तुकडे वेगवेगळ्या कामांना दिले. यासारख्याच एका तरंगत्या पेटीत २०११ च्या अपघातानंतर फुकुशिमा अणुवीज केंद्रातलं दूषित पाणी साठवलं गेलं. भांडारवाल्याला ही गोष्ट आवडते: पेटी चांगली असेल तर ती पडून राहत नाही.

आणि आता आपल्या समुद्राकडं. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर बॉम्बे हाय आहे. १९७४ मध्ये 'सागर सम्राट'नं तिथं तेल शोधलं. समुद्रात माणसांची वस्ती, तिला शिधा, पाणी, सिमेंट, डिझेल पुरवणाऱ्या नावा, जुहूहून उडणारी हेलिकॉप्टरं, न्हाव्याचा पुरवठा तळ: समुद्रातला तळ चालवायचा म्हणजे काय, ते महाराष्ट्राला अर्धशतक ठाऊक आहे. नौदलात ज्या तरंगत्या तळाच्या गप्पा होतात, त्याचा मुलकी भाऊ आपल्या दाराशी आहे.

१७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ त्याच भागातून गेलं. हिरा तेलक्षेत्राजवळ 'पी-३०५' नावाचा निवासी तराफा उभा होता. कामगारांनी राहायचं, जेवायचं, झोपायचं आणि दिवसा फलाटावर कामाला जायचं, अशी त्याची रचना. नाव काहीही द्या, तो समुद्रातला तरंगता तळच. त्याला स्वतःचं इंजिन नव्हतं. त्यावर २६१ माणसं होती. वादळात नांगर तुटले, तराफा भरकटला, एका निर्मनुष्य फलाटावर जाऊन आदळला, बुडाला भोक पडलं आणि संध्याकाळी तो बुडाला. 'आयएनएस कोची', 'आयएनएस कोलकाता' आणि इतर नौका त्या समुद्रात शिरल्या. काळोखात, तेल मिसळलेल्या पाण्यात, जीवरक्षक जाकिटांवर तरंगणारी माणसं त्यांनी एकेक करून उचलली. तराफ्यावरची १८६ माणसं वाचली, ७५ गेली. 'वरप्रदा' ही ओढनौकाही बुडाली. तिच्यावरच्या तेरांपैकी दोघंच वाचले. 'गॅल कन्स्ट्रक्टर' या दुसऱ्या तराफ्यावर १३७ माणसं होती, तो वाहत किनाऱ्याकडं गेला आणि ती सगळी वाचवली गेली.

वादळाचा इशारा आधी मिळालेला होता. तराफा वेळेवर का हलवला नाही, जबाबदारी कुणाची, यावर चौकशा झाल्या. त्यात मी शिरत नाही. मला त्याच्या रचनेकडं बोट दाखवायचं आहे. ज्याला स्वतःचं इंजिन नाही, तो हलण्यासाठी ओढनौकेवर अवलंबून असतो. ओढनौका हवेवर अवलंबून असते. आणि ती बोलवायची की नाही, हे ज्या माणसावर अवलंबून असतं, त्याच्या मनात 'काम थांबलं तर खर्च किती' हा हिशेब चालू असतो. नौदलाच्या तळावर त्या हिशेबाच्या जागी 'तळ हलवला तर ताफ्याचं काय' हा हिशेब येईल. असा तळ बुडायला शत्रू लागतच नाही.

बरोबर तीन वर्षांनी, तारीखही तीच, १७ मे २०२४ ला अमेरिकन लष्करानं गाझाच्या किनाऱ्यावर सुट्या भागांचा तरंगता धक्का जोडून मदतसामग्री उतरवायला सुरुवात केली. आठवडाभरात लाटांनी तो मोडला. दुरुस्त केला, पुन्हा खराब हवेत काढून अश्दोद बंदरात नेला, पुन्हा जोडला. जुलैमध्ये गुंडाळला तोवर तो जेमतेम वीसेक दिवस चालला होता. अंदाजित खर्च २३ कोटी डॉलर. उतरलेला माल सुमारे नऊ हजार टन, आणि त्यातला पुष्कळसा धक्क्यापलीकडच्या वाटेवर अडला. भूमध्य समुद्राला उन्हाळ्यात कुणी खवळलेला म्हणत नाही. आपल्या अरबी समुद्रात जून-जुलैला लाटा चार-पाच मीटर उठतात. त्या दोन महिन्यांत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते आणि कोळी बांधव नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढून ठेवतात. त्यांचा सल्ला आपण घेत नाही, एवढंच.

समुद्रात एका जागी रोवलेला तळ कधीच चालला नाही, असं म्हणणं मात्र खोटं होईल. १९८७ मध्ये इराण-इराक युद्धात तेलवाहू जहाजांच्या रक्षणासाठी अमेरिकेनं इराणच्या आखातात 'हर्क्युलिस' आणि 'विम्ब्राउन-७' हे बांधकामाचे दोन तराफे भाड्यानं घेऊन नांगरले आणि तिथून हेलिकॉप्टरं आणि गस्ती नौका चालवल्या. तिथं ते उपयोगी पडले. चहूकडून जमिनीनं वेढलेलं उथळ आखात होतं ते. पुढं अमेरिकेनं जे बांधलं ते पाहा: 'लुईस बी. पुलर' हा त्यांचा तरंगता तळ तेलवाहू जहाजाच्या सांगाड्याच्या धर्तीवर बांधलेला आहे आणि स्वतःच्या इंजिनावर चालतो. कागदावर दीड किलोमीटरच्या तळाचा आराखडा आणि पदरी चालतं जहाज, असा तो निकाल लागला.

आपल्या नौदलानं तांड्याचीच वाट धरली. २०११ मध्ये इटलीहून 'दीपक' आणि 'शक्ती' ही तेलपुरवठा जहाजं आली. त्यांचं काम बघण्यासारखं असतं. पुरवठा जहाज आणि युद्धनौका एका वेगानं, एका दिशेनं, चाळीस-पन्नास मीटर अंतर ठेवून शेजारी शेजारी चालतात. आधी बंदुकीनं बारीक दोरी फेकतात, तिच्या मागून जाड दोर, मग तार, मग तारेवरून तेलाची नळी. दोन जहाजांमधलं पाणी चिंचोळ्या वाटेतून धावतं आणि त्यांना एकमेकांकडं ओढतं, म्हणून सुकाणूवरच्या माणसाला डोळ्याचं पातं लवू देता येत नाही. गडबड झाली तर नळी सोडून फुटायचं, त्याचाही सराव असतो. या सगळ्यात दोन्ही जहाजं चालती असतात. हवा बिघडली तर ती बाजूला जातात, पाणबुडीचा संशय आला तर दिशा बदलतात. ऑगस्ट २०२३ मध्ये विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डला अशी पाच जहाजं बांधायचं कंत्राट मिळालं, प्रत्येकी ४४,००० टनांची, एकूण सुमारे १९,००० कोटी रुपयांची. विमानवाहू नौकेवर आपण जितके अग्रलेख लिहिले, त्याच्या दशांशही या कंत्राटावर लिहिले नाहीत. विमानवाहू नौका दिसते. तिला पोसणारं दिसत नाही.

जोडीला जमिनीवरचे ठिय्येही आहेत. मार्च २०२४ मध्ये लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर 'आयएनएस जटायू' हा तळ सुरू झाला. मॉरिशसच्या अगालेगा बेटावर भारतानं धावपट्टी आणि जेट्टी बांधून दिली. ओमानच्या दुक्म बंदरात आपल्या नौकांना सोय मिळते. ही बेटं आणि बंदरं म्हणजे तांड्याचे मुक्काम. पाणवठे म्हणा हवं तर.

मग सुट्या पेट्यांच्या तळाची कल्पना मोडीत काढायची का? मला तसं वाटत नाही. तिची जागा खुला समुद्र नाही, आडोशाचं पाणी आहे. चेन्नईजवळ कट्टुपल्लीला बांधलेली, १८५ मीटर लांबीची तरंगती गोदी २०१७ मध्ये पाण्यात उतरली; ती अंदमानसाठी होती आणि पोर्ट ब्लेअरच्या बंदरात अशा गोदीला अर्थ आहे. २००४ च्या त्सुनामीत कार निकोबार, कॅम्पबेल बे इथल्या जेट्ट्या उद्ध्वस्त झाल्या. मदत घेऊन जहाजं आली, पण माल उतरवायला धक्काच नव्हता. अशा वेळी चार-दोन दिवसांत जोडता येईल असा तरंगता धक्का हाताशी असता, तर किती टन धान्य किती आधी उतरलं असतं, याचा हिशेब माझ्या डोक्यातून आजही जात नाही. नौदलाला उद्या एखाद्या बेटावर तात्पुरता पुरवठा सुरू करायचा झाला, तरी हाच धक्का कामाला येईल. दीड किलोमीटरच्या स्वप्नापेक्षा अशा पेट्यांचे दहा संच मी पसंत करीन: काही पोर्ट ब्लेअरला, काही कोचीला, काही मुंबईला, पावसाळ्यात किनाऱ्यावर रचून ठेवलेले.

इथंच मराठवाड्याचाही हात लागू शकतो, आणि हे मी पाहुणचाराच्या भरात बोलत नाही. पेटी कंटेनरच्या मापाची केली तर ती ट्रकवर आणि रेल्वेवर चढते. मग ती समुद्रकाठच्या गोदीतच बांधली पाहिजे असं राहत नाही. लातूरला रेल्वेच्या डब्यांचा कारखाना उभा राहिला आहे. पत्रा कापणं, वेल्डिंग, गंजरोधक लेप, गळतीची तपासणी हे काम आपल्याकडच्या आयटीआयची मुलं शिकतात. गोड्या पाण्यात पेट्या जोडायचा आणि सोडायचा सराव आपल्या जिल्ह्यातल्या सिद्धेश्वरच्या जलाशयावर करता येईल, कारण जोडणारी टोळी तरबेज होणं हे पेटीइतकंच गरजेचं आहे. लाटांची परीक्षा मात्र सिद्धेश्वरला होणार नाही. त्यासाठी पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, १९१६ पासूनचं, तिथं बंदरांच्या प्रतिकृतींवर कृत्रिम लाटा सोडून पाहतात. पेटीचा सांधा त्या लाटांत किती वेळ टिकतो, हा आकडा हाती आल्याशिवाय एकही संच विकत घेऊ नये.